यशाच्या रकान्यात काय लिहावं?

पारंपरिक मच्छीमारांच्या आमच्या संघटनेचा वार्षिक अहवाल लिहिण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नोकरी शिक्षिकेची होती, अक्षर बरं होतं आणि कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी पात्रता. 'वर्षभरातील यश' असा एक मथळा दरवर्षी असतो. त्याखाली काय घालायचं यावरून कार्यकारिणीत जेवढी भांडणं होतात, तेवढी मोर्चाच्या मार्गावरूनही होत नाहीत. त्या भांडणांतून जे पदरात पडलं ते इथे मांडते. उदाहरणं मालवण पट्ट्यातली आहेत, पण सरकारदरबारी काही मागत उभ्या राहिलेल्या कुठल्याही गटाला ती ओळखीची वाटतील.

१. आदेश निघाला तर तारीख लिहावी, 'विजय' लिहू नये

५ फेब्रुवारी २०१६ ही तारीख आमच्या किनाऱ्यावर पोराटोरांनाही पाठ आहे. त्या दिवशी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला. पर्ससीनचं जाळं मासळीच्या अख्ख्या थव्याला वेढा घालतं आणि खालून दोर आवळून तळ बंद करतं. बांगडा आणि तारली थव्यानेच फिरतात. तो थवा बाहेरच उचलला गेला की किनाऱ्यावरच्या रापणीत काय येणार?

रापण ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेऊन परत किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर धरून वाळूत माणसांच्या दोन रांगा उभ्या राहतात आणि ओढत ओढत एकमेकींच्या जवळ सरकतात. म्हातारे, कॉलेजची पोरं, कधी सुट्टीवर आलेला मुंबईकर, जो दोर धरेल त्याला वाटा. जाळं वर आलं की मासळीचे ढीग घालतात आणि तिथेच वाटप होतं. या पद्धतीत समुद्राच्या मागे धावता येत नाही, मासा किनाऱ्याला यावाच लागतो. पर्ससीनशी आमचं भांडण आहे ते एवढ्यासाठी.

या प्रश्नावर डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, तो काही काळ पडून राहिला. दरम्यान २०१५ मध्ये आचऱ्याच्या किनाऱ्यावर संघर्ष पेटला आणि पोलीस केसेस झाल्या. मग हा आदेश आला. पर्ससीनचा नवा परवाना नाही. असलेले ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने २६२ वर आणि पुढे १८२ वर आणायचे. जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या डोळ्याचं माप, किमान २५ मिलिमीटर. हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, एवढाच. मागितलं होतं त्यातलं बरंचसं मिळालं होतं.

सभेत मी अहवाल वाचला. 'ऐतिहासिक' हा शब्द मी घातला नव्हता, तो अध्यक्षांनी घालायला लावला. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क तांडेल उठले आणि म्हणाले, "बाय, कागद इलो. बांगडो खंय इलो?"

सभा हसली. पण त्यानंतर आमच्या अहवालात तीन रकाने आले: आदेश, अंमल आणि किनाऱ्यावर दिसलेला फरक. तिसरा रकाना कित्येकदा कोरा जातो. तो कोराच छापायचा, असं ठरलेलं आहे. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ ला एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, तेव्हा पहिला रकाना भरला. त्यानंतरही मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की बाहेर समुद्रात उजेडाच्या रांगा दिसतच होत्या. मग दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात काय लिहिणार? सिंधुदुर्ग जिल्ह्याला १२१ किलोमीटरचा किनारा, त्यावर नजर ठेवायला हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या गस्ती नौका आणि १२ सागरी मैलांपलीकडे राज्याचा कायदा संपतो. हे सगळं पहिल्या रकान्यात दिसत नाही.

२. कंटाळवाणं कलम आधी वाचावं

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत मथळे आले ते दंडाचे. एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढण्याला) ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड. आकडा मोठा, त्यामुळे फटाकेही वाजले.

माझ्या मते खरी कमाई दुसरीकडे होती. आधी पकडलेल्या नौकेचा खटला तहसीलदारांपुढे चालायचा. तहसीलदार म्हणजे सातबारा, पूर, निवडणूक, रेशन आणि उरलाच वेळ तर मासेमारी. सुनावणी लांबायची, तोवर नौका पुन्हा समुद्रात. नव्या तरतुदीने हे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्याकडे आले. जाळ्याचा आस म्हणजे काय हे ज्याला समजावून सांगावं लागत नाही, अशा माणसाकडे. या कलमावर कुणी पेढे वाटले नाहीत. पण निवेदन कुणाच्या टेबलावर द्यायचं, पाठपुरावा कुणाकडे करायचा, हे त्या एका बदलाने ठरलं. चळवळीतल्या तरुणांना मी सांगते: भाषणं पाठ करू नका, कायद्याचं शेवटचं पान वाचा. अधिकार कुणाला आणि मुदत किती, ते तिथेच असतं.

३. जे झालं नाही तेही जमेला धरावं

वायंगणी-तोंडवळीत 'सी वर्ल्ड' नावाचा पर्यटन प्रकल्प यायचा होता. शेकडो एकर जमीन, मोठं मत्स्यालय, चित्रं तर फारच सुंदर. गावांनी विरोध केला. आज तोंडवळीला गेलात तर माड आहेत, सुरूचं बन आहे, वाळू आहे. छायाचित्र काढून 'हे आमचं यश' म्हणावं तर पाहणारा विचारेल, यात काय आहे? अहवालाची हीच पंचाईत. बांधलेल्या गोष्टीचं उद्घाटन होतं, थांबवलेल्या गोष्टीचं होत नाही.

सह्याद्रीच्या कुशीतल्या मंडळींनी याहून चिवट काम केलं. सावंतवाडी-दोडामार्गातल्या २५ गावांच्या ग्रामसभांनी 'आमचं गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा' असे ठराव केले. पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात त्यांची दखल आहे. पुढे खाणींचं संकट दाराशी आलं, 'वनशक्ती' आणि 'आवाज फाउंडेशन' या संस्था न्यायालयात गेल्या. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्याबाबत चार महिन्यांत निर्णय पूर्ण करण्याचा आदेश राज्याला दिला. ठराव लिहिणाऱ्या ग्रामसेवकाची तेव्हापासून किती वेळा बदली झाली असेल! पण कागद जागेवर होता. त्यावर तारीख होती, सह्या होत्या. ज्या वर्षी 'काहीच घडलं नाही' असं वाटतं, त्या वर्षी निदान ठराव तरी नीट लिहून ठेवावा.

४. वर्ष संपतं, काम संपत नाही

आमच्यातले तरुण फार लवकर निराश होतात, म्हणून हा मुद्दा जरा सविस्तर.

बॅरिस्टर नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. राजापूर मतदारसंघातून १९५७ पासून खासदार. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला आणि मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. विरोधी बाकांवरच्या या माणसाने लगेच एप्रिलमध्ये खाजगी विधेयक मांडलं: घटना बदलण्याचा अधिकार लोकांच्या प्रतिनिधींचाच असला पाहिजे. पुढे वर्षानुवर्षं चर्चा झाली, समिती बसली, विधेयक काही मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली आणि त्यात गाभा तोच होता. त्यांची भूमिका सगळ्यांनाच पटत नाही, आमच्या घरातही यावर वाद झालेले आहेत. पण १९६७, ६८, ६९, ७० या चारही वर्षांच्या अहवालात त्यांना यशाखाली शून्यच लिहावं लागलं असतं.

त्यांच्यानंतर राजापूरचे खासदार झाले मधु दंडवते. कोकण रेल्वेची मागणी त्यांच्याही आधीची. १९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. पूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. मधल्या काळात, १९९१ मध्ये, दंडवते याच मतदारसंघात पडले. ज्यांनी रेल्वेसाठी एवढं केलं त्यांना कोकणाने पाडलं, असं अजूनही हळहळून बोललं जातं. मला त्यात दुःखापेक्षा धडा दिसतो. मतदार वर्षाचा हिशेब मागतो आणि रेल्वेचा हिशेब पिढीचा असतो.

शेजारी गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध लढा उभा केला, माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. त्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला आणि पाठोपाठ १९८१ चा आपला. म्हणजे आमचं आजचं प्रत्येक निवेदन ज्या कायद्याखाली जातं, त्याच्यामागे भलत्याच किनाऱ्यावरच्या माणसांनी खाल्लेल्या लाठ्याही आहेत. कुणाच्या अहवालात ते यश धरायचं, तुम्हीच सांगा.

५. श्रेयाच्या बॅनरशी भांडू नये, नोंद मात्र ठेवावी

९ जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा दिला. दोन्हींच्या बातम्या आल्या त्या संध्याकाळी बाजारपेठेत बॅनर लागले, त्यांवर आमचा फोटो अर्थातच नव्हता. काही जण चिडले. आमचे बहुतेक कार्यकर्ते समाजवादी संस्कारातले, त्यांना सत्ताधाऱ्यांचा बॅनर म्हणजे पायात काटा.

मी म्हटलं, लागू देत. ज्याने बॅनर लावला त्याने जबाबदारीही भिंतीवर टांगली. उद्या ड्रोनने टिपलेल्या नौकेवर कारवाई झाली नाही तर कुणाला विचारायचं, हे आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. आपण फक्त आपल्या निवेदनांच्या आवक शिक्क्याच्या प्रती जपाव्यात. माझ्याकडे एक जुनी पेटी आहे, तिच्यात त्या आहेत. निळी शाई खाऱ्या हवेने फिकट होते, म्हणून झेरॉक्स वेगळी.

६. अहवालात बाया कुठे आहेत ते मोजावं

एकदा जुने अहवाल चाळत होते. मोर्चाच्या फोटोंत पहिल्या दोन रांगा बायकांच्या. ठरावाखालच्या सह्या सगळ्या पुरुषांच्या. समुद्रावर पुरुष जातो, पण मासा पैशात रूपांतरित होतो तो मार्केटात बसलेल्या बाईच्या हातून. बर्फ तिचा, उधारी तिची, न विकलेलं म्हावरं खारवून सुकवायचं तेही तिनेच. बैठका मात्र रात्री साडेआठनंतर, जेव्हा तिला भाकऱ्या थापायच्या असतात.

बैठक दुपारी ठेवली आणि पहिलाच प्रश्न आला, तोही एका मासे विकणाऱ्या काकीकडून: "शेतीचो दर्जो गावलो म्हणतास, माका काय तेचा?" उत्तर सोपं नाही. दर्ज्याचे फायदे वीजदर, कर्ज, विमा असे आहेत आणि त्यांचा कागद बहुतेक नौकेच्या किंवा तलावाच्या मालकीला बांधलेला असतो. तिच्याकडे नौका नाही, टोपली आहे. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांना खुलं झालं त्यालाही आता वर्षं लोटली, तरी ते तिच्यापर्यंत किती पोचलं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. यंदाच्या अहवालात 'मागण्या' या भागात पहिली मागणी तिची आहे.

७. आपल्या माणसांविषयीही खरं लिहावं

पर्ससीनवाले म्हणजे कुणी परग्रहावरून आलेले नाहीत. परराज्यातल्या नौका येतात हे खरं, पण काही मालक इथलेच, काही तर नात्यातले. त्यांच्या नौकांवर खलाशी म्हणून जाणारी पोरंही आपलीच. अहवालात 'ते' आणि 'आपण' अशी सरळ रेघ ओढली की वाचायला जोर येतो, पण लग्नाच्या पंगतीत ती रेघ टिकत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही सहसा छापत नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याचा गाभा. आमच्या लोकांनी त्याला विरोध केला. समुद्र वाचवा म्हणणाऱ्यांनी अभयारण्याला विरोध करावा, हे बाहेरच्यांना विसंगत वाटतं. मला वाटत नाही, कारण न विचारता आखलेली हद्द ही ज्याची चूल त्या पाण्यावर आहे त्याला धमकीच वाटते. पण वाटत नाही म्हणून प्रश्न टाळूही नये. आपणच मासेमारीमुक्त पट्टा कुठे ठेवायला तयार आहोत, याचं उत्तर संघटनेने अजून दिलेलं नाही. माझ्या मते हे आपलं सर्वांत मोठं देणं आहे आणि ते अहवालात आलं पाहिजे.

८. जमाखर्च पहिल्या पानावर

यावर जास्त लिहायला नको. वर्गणी किती, वकिलाला किती, मुंबईच्या खेपांना किती. शेवटच्या पानावर टाकलं की लोक तिथूनच वाचायला लागतात.

तर, वाचणारे किनाऱ्यावरचे असाल तर एक विनंती. पर्ससीनचा हंगाम ३१ डिसेंबरला संपतो. त्यानंतर राज्याच्या हद्दीत पर्ससीन जाळं टाकलेलं दिसलं तर नौकेचा क्रमांक, वेळ आणि जागा लिहा, फोटो मिळाला तर जोडा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी तक्रार द्या. फोनवर सांगून थांबू नका. पोचपावती घ्या आणि तिची एक प्रत संघटनेकडे आणून द्या, दुसरा रकाना तिच्याशिवाय भरत नाही.