जुना फोर बाय फोर ट्रॅक्टर घेताना

आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या किरनापूर भागात जुना फोर बाय फोर ट्रॅक्टर घेणारा शेतकरी बहुतेक वेळा ट्रॉलीसाठीच घेतो. धान निघालं की माल बांधीतून बाहेर काढायचा असतो, आणि कन्हार, म्हणजे भारी काळ्या जमिनीत ओल असली की साधा ट्रॅक्टर जागच्या जागी खड्डा करत बसतो. चाळीस किलोचे शंभर कट्टे म्हणजे 4 टन, त्यात ट्रॉलीचं वजन वेगळं. चारही चाकांनी जोर लावणारं यंत्र हवंसं वाटतं ते उगाच नाही. आम्हालाही तेच हवं होतं. नव्याची ऐपत नव्हती, म्हणून बाघ नदीपलीकडून, गोंदिया जिल्ह्यातून, पन्नास एचपीचा एक जुना आणला. पहिल्याच पावसाळ्यात, ऐन चिखलणीत, त्याच्या पुढच्या अ‍ॅक्सलचे गिअर तुटले.

मिस्त्रीने अ‍ॅक्सल खोलायच्या आधी टायरवरचे आकडे वाचले आणि मान हलवली. विकण्याआधी मालकाने पुढचे दोन्ही टायर नवे टाकले होते. तेच पाहून घरचे सगळे खूश झाले होते. पण ते टायर कंपनीने दिलेल्या मापाचे नव्हते, आणि मागचे झिजून गुळगुळीत झालेले होते.

हे नीट समजून घ्या, कारण जुन्या फोर बाय फोरचं निम्मं दुखणं इथेच असतं. पुढची चाकं लहान, मागची मोठी. दोन्हींना ताकद एकाच गिअरबॉक्समधून जाते, तेव्हा त्यांच्या फेऱ्यांचं गणित कंपनीने टायरच्या मापावर बसवलेलं असतं. पुढचं चाक मागच्यापेक्षा अगदी थोडं, काही टक्केच, जास्त धावतं, म्हणून ते ट्रॅक्टरला ओढून नेतं. टायरचं माप बदललं की हे गणित बिघडतं. मग पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात. चिखलात चाक घसरतं, म्हणून ताण थोडाफार निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाकाला घसरायला जागा नसते, सगळा ताण अ‍ॅक्सलच्या दातांवर येतो. आमच्याकडे तो ताण आधीच खूप साचला होता, तुटायचं निमित्त तेवढं चिखलणीचं झालं. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेले 9.5-24 असे आकडे लिहून घ्या आणि कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. पुढचे दोन एकसारखे, मागचे दोन एकसारखे, आणि झीजही साधारण सारखी हवी. ड्रायव्हरलाही सांगून ठेवा, सपाट डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांना ताकद जोडणारा लिव्हर काढलेलाच असू दे. जास्त जोर मिळेल म्हणून तो लावून ट्रॉली नेणारे मी रोज पाहतो.

पुढचा अ‍ॅक्सल चालतो की नाही हेही घरी नेण्याआधीच कळतं. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, इंजिन बंद करा, ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवा आणि पुढची बाजू जॅकवर उचलून खाली मजबूत ठोकळे द्या. लिव्हर काढलेला असताना पुढे जाणारा शाफ्ट हाताने फिरेल. लिव्हर लावल्यावर तो अडकला पाहिजे. लावूनही फिरत असेल तर तुम्ही फोर बाय फोरचे पैसे देऊन साधा ट्रॅक्टर घेताय. काही ठिकाणी तर शाफ्टच काढून ठेवलेला असतो आणि विचारलं की उत्तर येतं, “भाऊ, आम्हाला गरजच पडत नव्हती.” गरज का पडत नव्हती, ते अ‍ॅक्सल खोलल्यावर कळतं.

मग तेल. पुढच्या अ‍ॅक्सलच्या खालचा बोल्ट थोडा सैल करून बोटावर थेंबभर तेल घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. उन्हात धरल्यावर त्यात चांदीसारखी चमक दिसली तर गिअर झिजून लोखंड तेलात उतरतंय. धानाच्या पट्ट्यात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल तासन्‌तास पाण्याखाली असतो, त्यामुळे चाकाजवळचे सील आधी जातात. तिथे ओला, मातीने माखलेला पट्टा दिसला तर धुऊन आणलेल्या रंगावर जाऊ नका. मीटरवर किती तास दाखवतंय त्यावरही जाऊ नका, मीटर बदलता येतो. त्याऐवजी क्लचच्या पेडलचं रबर पाहा आणि ट्रॉलीची पिन जाते ते हूकचं भोक पाहा. भोक गोल राहिलं नसेल, लांबट झालं असेल, तर त्या ट्रॅक्टरने वर्षानुवर्षं रेती-विटा ओढल्यात, मीटर काहीही म्हणो.

इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबा, चहा घ्या, थंड होऊ द्या. गरम झाल्यावर तेल टाकायचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर आला तर रिंगा गेल्यात.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र ब्रेकची. आपण ट्रॅक्टर किती ओढतो हेच विचारतो, भरलेली ट्रॉली घेऊन तो थांबतो का हे कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. 5-6 टनांचा भार मागून ढकलत असतो आणि तो अडवायला ट्रॅक्टरचे दोन मागचे ब्रेक. डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहा, मग दोन्ही पेडल जोडून. रस्त्यावर ते कायम जोडलेलेच हवेत. एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर वळतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. ट्रॉलीत माल मागे कमी, पुढे जास्त भरला की हूकवर वजन पडतं, पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर ट्रॅक्टर स्टिअरिंगला दाद देत नाही. रुतलेला ट्रॅक्टर काढताना साखळी नेहमी ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या खालच्या हूकला, वरच्या लिंकला कधीच नाही. वर बांधली की मागची चाकं अडकलेली असताना ट्रॅक्टर पुढून उठतो आणि उलटा ड्रायव्हरच्या अंगावर पडतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

कागदांचं आमच्या भागात वेगळं आहे. 1956 पर्यंत बालाघाट आणि तेव्हाचा भंडारा जिल्हा (गोंदिया त्यातच होतं) एकाच राज्यात होते, आजही सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांना आहेत. त्यामुळे पलीकडचा व्यवहार घरातलाच वाटतो आणि कागद मागे पडतात. पण गोंदियाच्या एमएच-35 चा ट्रॅक्टर बालाघाटच्या एमपी-50 मध्ये आणायचा तर फॉर्म 28 वर गोंदिया आरटीओची एनओसी लागते. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवून फॉर्म 35 घ्यावा लागतो. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी करून घ्या. खरेदीदाराने आरटीओला 30 दिवसांत कळवायचं असतं, विकणाऱ्याने दुसऱ्या राज्यात विकल्यास 45 दिवसांत. विमा नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत. विकणाराही कागदांची घाई करेल, त्याला एवढंच सांगा की 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावरच. ट्रॉलीचीही स्वतंत्र नोंदणी असते, ती विचारून घ्या.

आता भाव. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरायला हवी, पण दलाल जुनाच भाव सांगतात. आधी शोरूममधून त्याच मॉडेलचा आजचा भाव लिहून आणा आणि मगच बोलणी करा. पुढच्या अ‍ॅक्सलचं काम निघालं तर त्यासाठी रक्कम बाजूला ठेवूनच सौदा करा.

आणि घ्यायचाच का, हेही एकदा स्वतःला विचारा. जमीन हलकी असेल, बांधीपर्यंत पक्का रस्ता असेल आणि काम फक्त धान केंद्रापर्यंत नेण्याचं असेल, तर चांगला साधा ट्रॅक्टर घ्या आणि उरलेल्या पैशांत ट्रॉलीला ब्रेक, मागे लाल रिफ्लेक्टर आणि नवे टायर बसवा. कन्हारात चिखलणी करायची असेल, ओल्यातून माल काढायचा असेल, तरच फोर बाय फोर.