रानातील शिबिरात मुले काय शिकतात?

गेल्या डिसेंबरात आठवी-नववीच्या 22 मुलामुलींना घेऊन आम्ही पाच मोठे हरिश्चंद्रगडाच्या परिसरात तीन दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. साहित्याचा हिशेब माझ्याकडे होता. वाणिज्य शाखेत शिकते म्हणून ते काम मला मिळाले आणि मीही ते जरा मिरवतच घेतले. मुले तेथे काय शिकली, हे लिहायला बसले तेव्हा आधी आठवली ती हिशेबाची वही. आकाशातले तारे नंतर आठवले.

‘रान’ म्हणजे काय?

लेखांच्या अनुवादाची सेवा करताना मी एका इंग्रजी शब्दापाशी नेहमी अडते. त्याचा अर्थ माणसाचा वावर नसलेला, अस्पर्श प्रदेश. आपल्याकडे ‘रान’ म्हटले की त्यात गुराखी आला, करवंदाच्या जाळ्या आल्या; शेतकरी तर आपल्या शेतालाही रानच म्हणतो. मुलांना हा फरक आधीच सांगायला हवा होता. कारण बसमध्ये त्यांच्या बोलण्यात फक्त बिबट्या होता. या अभयारण्यात बिबट्याचा वावर आहे हे खरे, पण आम्हाला तीन दिवसांत भेटली ती माणसे.

अकोले तालुक्यातील पाचनई हे गडाच्या पायथ्याचे गाव. भात कापून झालेल्या एका खाचरात, मालकांना विचारून, आम्ही तंबू लावले. ज्यांच्या घरी आमचा स्वयंपाक होता त्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी मुलांना शिकवले, तेही न बोलता. एका मुलीने तोंड धुताना बादलीतील पाणी अर्धे सांडले. काकूंनी उरलेले पाणी तांब्यात घेऊन आधी भांडी विसळली आणि तेच पाणी दारातल्या मिरचीच्या रोपांना घातले. मुलगी बघत राहिली.

मग एकाने विचारले, “इथे तर धो धो पाऊस पडतो ना? मग पाणी कमी कसे?” प्रश्न चांगला होता. सह्याद्रीच्या या भागात पावसाळ्यात डोंगर पाण्याने ओसंडतात. पण खाली काळा कातळ आहे आणि उतार तीव्र आहेत. माती पातळ असल्याने पाणी मुरण्यापेक्षा वाहूनच अधिक जाते. म्हणून पावसाळ्यात धबधबे असलेल्या गावांनाही उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भूगोलाच्या पुस्तकात हे असते, पण रिकामा हंडा कमरेवर घेऊन चालून पाहिल्यावर ते वेगळे कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी पाळीपाळीने पाणी आणले. त्यानंतर बादली कोणी सांडली नाही.

शौचासाठी पाण्यापासून शंभर पावले दूर जायचे, वीतभर खोल खड्डा खणायचा आणि मातीने बुजवायचा, हे सांगताना जे हसणे झाले ते अर्थातच थांबवता आले नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे खुरपे घेऊन गंभीरपणे जात होते.

गडावरची वीस मिनिटे

दुसऱ्या दिवशी वाटाड्या मामांबरोबर गड चढलो. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर पाहिले. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतक्या बर्फगार पाण्यात शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच खांब आज आधार देतो. मुलांनी पाण्यात बोटे बुडवली आणि लगेच काढली.

कोकणकड्याच्या अलीकडे, कड्यापासून बऱ्याच अंतरावर, आम्ही मुलांना वेगवेगळे बसवले. वीस मिनिटे काही बोलायचे नाही, काही करायचे नाही. माझी अपेक्षा होती की नंतर कोणीतरी शांतीविषयी काहीतरी सुंदर सांगेल. एक मुलगा म्हणाला, “ताई, माझ्या डोक्यात एकच जाहिरातीचे गाणे सारखे वाजत होते. बंदच होत नव्हते.” दुसरी म्हणाली की तिला झोप आली. मला ही उत्तरे आवडली. आपले मन किती बडबड करते, हे ऐकण्यासाठी बाहेरचा आवाज बंद व्हावा लागतो. ध्यानाला बसणाऱ्या मोठ्यांनाही पहिल्या दिवसांत हेच ऐकू येते; ते फक्त इतके सरळ सांगत नाहीत.

54 वेष्टने

आता वहीकडे येते. चढण्यापूर्वी प्रत्येकाला चिक्कीची दोन पाकिटे दिली होती. 27 जण, 54 पाकिटे. नियम असा की रिकामे वेष्टन परत द्यायचे. ही वेष्टने मातीत विरत नाहीत. गुरे आणि माकडे खाऱ्या-गोड वासाने ती चघळतात. केळाची साल तरी टाकू द्या, असे मुले म्हणत होती. पण साल लगेच कुजत नाही, आणि माणसाचे अन्न आयते मिळू लागले की माकडे रानातले खाणे सोडून पिशव्या ओढू लागतात. म्हणून सालही परत.

उतरण्यापूर्वी मंदिरापाशी मोजणी केली. 51. पुन्हा मोजली. 51.

गटात एक मुलगा होता, सतत काहीतरी सांडणारा, विसरणारा. सकाळपासून त्याला तीनदा बोलणी बसली होती. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, “तुझीच असणार. बघ जरा.” तो काही बोलला नाही. त्याने पिशवी जमिनीवर उलटी केली. स्वेटर, बाटली, एक ओला मोजा, आणि नीट घडी घातलेला कागद, ज्यात त्याने रस्त्यात सापडलेली इतरांची जुनी वेष्टने गोळा केली होती. त्याची स्वतःची दोन्ही माझ्याकडे आधीच जमा होती.

मी रुमाल काढायला जॅकेटच्या खिशात हात घातला आणि एक वेष्टन हाताला लागले. माझेच.

सत्य आणि अपरिग्रह हे यमांतील शब्द मी त्या आठवड्यात मुलांना फळ्यावर लिहून दिले होते. त्या क्षणी ते शब्द मला आठवले नाहीत. मला फक्त खिशातला हात बाहेर काढू नये असे वाटले. अर्धा क्षण तसे केलेही. मग काढला. सगळ्यांसमोर त्याची क्षमा मागितली, कारण आरोपही सगळ्यांसमोरच केला होता. तो म्हणाला, “ठीक आहे ताई. पण वहीत तुमचे नाव लिहा.” मी लिहिले.

अजून दोन शिल्लक होती. दोघी मुली सांगितल्याशिवाय सप्ततीर्थ पुष्करणीकडे पळाल्या आणि पायऱ्यांच्या फटीत अडकलेले एक घेऊन आल्या. शेवटचे शोधायला सगळेच निघाले होते, पण मामा म्हणाले, “ऊन खाली चाललंय, पोरांना अंधारात उतरवू नका.” त्यांचे ऐकले.

रात्री शेतात दिवे मालवून बसलो. पूर्वेला मृगाचा पट्टा स्पष्ट दिसत होता. कृत्तिका मोजताना कोणी सहा म्हणे, कोणी सात. तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला अंधाराची भीती वाटते, हे मला तेव्हा कळले.

मुलांचे वर्ग घेणाऱ्या साधकांना एकच सुचवावेसे वाटते. अशा शिबिरात मुलांना मोजण्याचे काम द्या, पाणी असो, ओझे असो वा कचरा. आणि त्या मोजणीतून आपल्या स्वतःला वगळू नका. तिसऱ्या दिवशी निघताना मी बोधपर भाषण तयार ठेवले होते. ते दिले नाही. त्याऐवजी मुलांनी काकूंचे अंगण झाडले आणि दोन हंडे भरून ठेवले.

यंदा डिसेंबरात दुसरी तुकडी जाईल. नव्या वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवले आहे : मागील बाकी, वेष्टन 1.