दप्तराचे लोंबते पट्टे

गेल्या महिन्यात आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी एक गृहस्थ आपल्या पाचवीतल्या मुलाला घेऊन धावतपळत दवाखान्यात आले. मुलाने उजवा हात छातीशी घट्ट धरला होता. "डॉक्टर, गाडी अगदी हळू होती हो," एवढेच वडील पुन:पुन्हा सांगत होते. मुलगा मोटरसायकलवर मागे बसला होता. पाठीवरच्या दप्तराच्या पट्ट्याचे लोंबते टोक मागच्या चाकात गेले, तारांभोवती गुंडाळले आणि दप्तरासकट मुलगा मागे खेचला जाऊन रस्त्यावर आपटला. एक्स-रेत कॉलरबोन मोडलेले दिसले. बाजाराच्या गर्दीमुळे गाडी हळू होती म्हणूनच एवढ्यावर निभावले.

दप्तर नवे होते, "दोन-तीन वर्षे पुरेल" म्हणून मोठे घेतलेले. जूनमध्ये आपण कपडे, बूट, दप्तर सगळेच वाढत्या अंगाचे घेतो. बक्कल ओढून पट्टा आखूड केला की उरलेला भाग खाली लोंबत राहतो. त्या रात्री मी घरी पुतणीचे दप्तर मोजले. दोन्ही टोके मिळून २२ इंच! डॉक्टरच्या घरात ही अवस्था, तर मी त्या वडिलांना काय बोलणार?

दप्तराच्या ओझ्याची चर्चा पुष्कळ झाली. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून ते जास्त नसावे, असा आदेश आपल्या शासनाने २०१५ साली काढला. पट्ट्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. साडीचा पदर आणि ओढणी चाकात जाते हे आपल्याला ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारे कवच सांगितले आहे. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. "गाडी चांगली दिसत नाही" म्हणून ते काढून ठेवणारे तरुण बाप मी रोज पाहतो. ते आधी परत बसवून घ्या.

अमेरिकेत मुलांच्या जाकिटांच्या नाड्या शाळेच्या बसच्या दारात आणि घसरगुंडीत अडकून मुले दगावली. तेव्हा १९९६ साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सूचना काढल्या: कमरेच्या नाडीचे टोक ३ इंचांहून जास्त बाहेर नको आणि टोकाला गाठ किंवा मणी नको. गाठीचा मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. आपण लोंबता पट्टा दिसला की चटकन गाठ मारतो, पण नुसते टोक फटीतून सुटून येते, तर गाठ तिथेच अडकून बसते.

मग करावे काय? प्रथम दप्तर दोन्ही खांद्यांवर अडकवून मुलाला सरळ उभे करा. दप्तराचा तळ कमरेपाशी यावा, चार बोटांहून खाली नको. या मापाला जो पट्टा उरेल, तो टोकाकडून बक्कलपर्यंत चपटा गुंडाळत न्या. सायकलच्या दुकानात टाकून दिलेली ट्यूब मिळते, तिचे बोटभर रुंदीचे कडे कापा आणि गुंडाळी व तिच्या शेजारून जाणारा पट्टा या दोन्हींवर चढवा. केसांचे जाड रबरही चालते. नोटांचे बारीक रबर मात्र उन्हाने चार दिवसांत तुटते. कडे नको असेल तर सुई-दोऱ्याने कच्चे टाके घाला. पट्टा कापून टाकण्याची घाई करू नका. मूल वाढते, शिवाय पावसाळ्यात रेनकोटवर दप्तर घ्यायचे तर पट्टा सैल करावाच लागतो. टोक उसवले असेल तर मोठ्या माणसाने मेणबत्तीवर क्षणभर धरावे, नायलॉनचे धागे वितळून जुळतात.

सायकलवाल्या मुलांचे दुखणे निराळे. हँडलला अडकवलेल्या दप्तराचा पट्टा पुढच्या चाकात गेला तर सायकल जागच्या जागी थांबते आणि मूल हँडलवरून पुढे फेकले जाते. दप्तर कॅरिअरवर ठेवावे, सगळे पट्टे त्याच्याखाली दाबावेत. बसमधून उतरल्यावर बस हलण्याआधी मागे वळून पाहण्याची सवय लावा, आणि घसरगुंडीवर जाताना दप्तर खालीच ठेवायला सांगा.

तरीही अडकलेच, तर गाडी बंद करा. मुलाला ओढू नका, पट्टा कापा. पाय तारांत सापडला असेल तर चाक उलटे फिरवू नका, लागल्यास तारा कापा. अशा पायाची कातडी पहिल्या दिवशी बरी दिसते आणि दोन-तीन दिवसांनी काळी पडते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. खांदा दुखत असेल तर मालीश नको. हात ओढणीच्या झोळीत गळ्याला बांधून आणा.

त्या मुलाचे हाड जुळत आले आहे. परवा तो तपासायला आला तेव्हा त्याच्या दप्तराला ट्यूबचे कडे होते, एकाच बाजूला. दुसरे कुठे गेले विचारले, तर म्हणाला, "मित्राला दिले." मी खणातून एक नवे कापून दिले.