रिकामी जागा घडवणारं रसायन : एमओएफ कसे वाढतात आणि त्यांना काम कसं देतात?



२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक सुसुमु किटागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी या तिघांना मिळालं. विषय होता धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजेच एमओएफ. "हे नक्की असतं तरी काय?" असं नववी-दहावीच्या मुलांनी विचारलं, तर उत्तर देता यावं म्हणून आजचा हा पाठ.

चौकट म्हणजे काय?

बांधकाम चाललेल्या इमारतीचा सांगाडा डोळ्यांसमोर आणा. एमओएफमध्ये धातूचे आयन किंवा त्यांचे छोटे समूह म्हणजे सांधे. कार्बनयुक्त सेंद्रिय रेणू म्हणजे त्यांना जोडणारे दांडे. आणि मध्ये उरतात त्या खोल्या. गंमत अशी की इथे खरा माल भिंती नाहीत, तर या रिकाम्या खोल्या आहेत.

याची कल्पना सुचली तीही शिकवण्याच्या तयारीत! १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रॉब्सन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळे आणि काड्यांची मॉडेल्स बनवून घेत होते. गोळ्याला भोकं कुठे पाडायची, हे सुताराला सांगायला हवं होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागा ठरल्या की रेणूचा आकारही आपोआप ठरतो. मग खऱ्या अणूंबाबतही हे जमेल का? पुढे १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक सेंद्रिय रेणू वापरून हिऱ्यासारखी, पण आतून मोकळी रचना प्रसिद्ध केली.

१९९९ मध्ये यागींच्या गटाने एमओएफ-५ बनवलं. त्यात सांधे जस्ताचे, तर दांडे टेरेफ्थॅलिक आम्लाचे. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली बनवायला वापरतात तेच हे आम्ल! या पदार्थाच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ सुमारे ३००० चौरस मीटर भरतं. म्हणजे चिमूटभर पुडीत कबड्डीची वीसहून जास्त मैदानं.

वाढ आवरायची कशी?

मोरचुदाचे स्फटिक आपण वर्गात करतोच. गरम संपृक्त द्रावण झटकन थंड केलं तर बारीक खडे मिळतात, सावकाश थंड केलं तर मोठे आणि देखणे. एमओएफचंही तसंच आहे. सांधे आणि दांडे घाईघाईने जुळले, तर एकमेकांत अडकलेली भुकटी मिळते.

यावर एक छान उपाय आहे. मिश्रणात ॲसेटिक किंवा बेंझॉइक आम्ल घालायचं. दांड्याला दोन हात असतात, पण या आम्लाला एकच. ते धातूचा हात धरून जागा अडवतं, पण पुढे साखळी वाढवू शकत नाही. खऱ्या दांड्याला त्याला बाजूला सारूनच जागा मिळवावी लागते. त्यामुळे वाढ मंदावते आणि चुकीचा जोड सुटून नीट बसायला वेळ मिळतो. ऑस्लो विद्यापीठात २००८ मध्ये बनलेल्या, झिर्कोनियमच्या यूआयओ-६६ या एमओएफसाठी ही युक्ती फार वापरली जाते.

मोठे स्फटिक क्ष-किरणांनी रचना तपासायला सोयीचे असतात. छोट्यांमध्ये वायू आत-बाहेर लवकर होतो. म्हणून "मोठा तोच चांगला" असं नाही. काम काय, त्यावर ते ठरतं.

काम कसं द्यायचं?

रिकामी खोली नुसती असून भागत नाही, तिथे खुंट्या हव्यात. त्याचे दोन मार्ग आहेत.

१. आधीच ठरवणं : दांड्यावर हवा तो गट बसवूनच चौकट बांधायची. २००२ मध्ये यागींच्या गटाने एकाच आराखड्याच्या १६ चौकटी दाखवल्या. दांडे बदलले, खोल्यांचा आकार बदलला, पण आराखडा तोच राहिला.

२. नंतर बसवणं : चौकट उभी राहिल्यावर आत अभिक्रिया घडवायची. दांड्यावर अमिनो गट असेल, तर त्याला दुसरा गट जोडता येतो. घर न पाडता खुंटी ठोकण्यासारखंच हे! मात्र अभिक्रिया सौम्य हवी, नाहीतर घरच कोसळायचं.

अमिनो गटांच्या खुंट्यांवर कार्बन डायऑक्साइड चांगला अडकतो. काही एमओएफ रात्री वाळवंटाच्या हवेतली वाफ धरतात आणि दिवसा उन्हाने तापल्यावर सोडतात. ॲरिझोनात असं पाणी मिळवून दाखवलं आहे.

पण अडचणही मुलांना सांगायला हवी. एमओएफ-५ दमट हवेत टिकत नाही, त्याची चौकट मोडते. यूआयओ-६६ पाण्यात टिकतं, कारण झिर्कोनियम-ऑक्सिजन बंध मजबूत असतात. म्हणजे खोली कितीही मोठी असो, सांधा पक्का नसेल तर उपयोग नाही.

वर्गात करून पाहा

काही मुलं सांधे, काही दांडे. शिट्टी वाजली की प्रत्येक दांड्याने दोन हातांनी दोन सांधे धरायचे. गोंधळ होईल, होऊ द्या! दुसऱ्या डावात काही मुलांचा एक हात पाठीमागे ठेवा आणि त्यांना आधीच सांध्यांना धरून उभं करा. दांडा आला की त्यांनी बाजूला व्हायचं. वेळ जास्त लागेल. आता मुलांना विचारा :

• कोणत्या डावात चौकट जास्त नीट झाली? का?
• एकहाती मुलं खूप जास्त झाली तर काय होईल?
• एखादा एकहाती मुलगा जागेवरच राहिला, तर तिथे काय उरेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर : दांडा नसलेली मोकळी जागा. शास्त्रज्ञ कधीकधी असे दोष मुद्दाम ठेवतात, कारण तिथे उघडा पडलेला धातू अभिक्रियेसाठी उपयोगी पडतो.