मोटारसायकलवरचा कॅमेरा आणि दहा मीटरवरची पाटी

सुरतेहून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग खानदेशातल्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. केळीचे व कापसाचे ट्रक, एस.टी. गाड्या, ट्रॅक्टर आणि या सर्वांमधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली, अशी त्यावरची वाहतूक. अशा रस्त्यावर एखाद्या वाहनाने दुचाकीला धडक दिली आणि ते न थांबता निघून गेले, तर पुढचे बरेच काही एका पाटीवर अवलंबून राहते. वाहनाचा क्रमांक कळला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा करता येतो; तेथे माणसाचे वय, त्याचे उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे यांचा विचार होऊन भरपाई ठरते. क्रमांक कळलाच नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये अशी ठराविक रक्कम मिळते. म्हणूनच अलीकडे पुष्कळ जण दुचाकीला पुढे एक आणि मागे एक असे दोन कॅमेरे बसवून घेतात. त्यांना ‘डॅश कॅमेरा’ म्हणतात. नाव मोटारीच्या डॅशबोर्डवरून आले. मोटारसायकलला डॅशबोर्ड नसतो, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

दुकानात विचारले की उत्तर मिळते, ‘फुल एचडी आहे, १२० अंशांचा आहे, घ्या.’ या दोन आकड्यांचा अर्थ काय? विद्यार्थी मित्रांनो, कागद-पेन्सिल घ्या. हा हिशेब नववीच्या गणिताच्या पलीकडचा नाही.

फुल एचडी म्हणजे चित्राच्या रुंदीत १,९२० चित्रबिंदू, म्हणजेच पिक्सेल. ते १२० अंशांत वाटले तर ढोबळमानाने एका अंशाच्या वाट्याला १६ येतात. मोटारीची उच्च सुरक्षा पाटी ५०० मिलिमीटर लांब असते. ती १० मीटर अंतरावर असेल तर डोळ्याशी ०.५ भागिले १०, म्हणजे ०.०५ रेडियनचा कोन करते. अंशांत सुमारे २.९. त्याला १६ ने गुणा. पूर्ण पाटीला मिळाले फक्त ४६ चित्रबिंदू! ‘एमएच १९’ पासून धरले तर पाटीवर दहा अक्षरे-अंक असतात. म्हणजे एकेका अक्षराच्या नशिबी साडेचार बिंदू. एवढ्या बिंदूंत ३ आणि ८ वेगळे काढून दाखवा पाहू! पाटी ५ मीटरवर आली की हाच आकडा दुप्पट होतो आणि वाचन शक्य होऊ लागते.

यातून पहिली गोष्ट कळते. रुंद कोन ही नेहमीच चांगली गोष्ट नसते. १७० अंशांचे भिंग बाजूच्या शेतातला कापूसही दाखवील, पण तेच चित्रबिंदू अधिक जागेवर पसरल्यामुळे प्रत्येक पाटी आणखी बारीक होईल. माझ्या मते महामार्गावर ९० ते १२० अंश पुरेत. गावातल्या चौकात, जिथे वाहने बाजूने अंगावर येतात, तिथे थोडा रुंद कोन उपयोगी पडतो. रुंदीत ३,८४० बिंदू देणारा ‘४के’ कॅमेरा वरचे सगळे आकडे दुप्पट करतो, मात्र त्याची किंमत, त्याची उष्णता आणि त्याला लागणारी साठवणही वाढते. आणखी एक लक्षात ठेवा. नियमाप्रमाणे मोटार व ट्रकच्या पाटीवरील अक्षरे ६५ मिलिमीटर उंच असतात, पण मोटारसायकलच्या पुढच्या पाटीवरील फक्त ३०. समोरून येणाऱ्या दुचाकीचा क्रमांक टिपण्याची आशा बाळगू नये हे बरे.

आता वेग. तुम्ही ताशी ५० किलोमीटरने जात आहात आणि समोरून ट्रक ६० ने येत आहे. परस्परसापेक्ष वेग ११०, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.५ मीटर. ट्रक १० मीटरवरून ५ मीटरवर यायला एक षष्ठांश सेकंद लागतो. सेकंदाला ३० चित्रे घेणारा कॅमेरा तेवढ्या वेळात पाचच चित्रे घेईल. ६० घेणारा दहा. उलट मागून ६० ने येऊन ओलांडणाऱ्या ट्रकचा सापेक्ष वेग ताशी १० किलोमीटरच असतो. तेच पाच मीटर कापायला त्याला १.८ सेकंद लागतात, म्हणजे ३० च्या कॅमेऱ्यातही ५४ चित्रे. म्हणून जादा पैसे खर्चायचेच असतील तर ते पुढच्या कॅमेऱ्यावर खर्चावेत.

पण चित्रांची संख्या वाढली म्हणून चित्र स्पष्ट होत नाही. त्यासाठी उघडझापेचा काळ, म्हणजे एका चित्रासाठी प्रकाश किती वेळ आत घेतला तो काळ, महत्त्वाचा. पारोळ्याच्या चौकात एक मोटार तुमच्या समोरून आडवी, ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने गेली असे समजा. उघडझाप एक हजारांश सेकंदाची असेल तर तेवढ्यात मोटार १ सेंटिमीटर सरकते. गंमत पाहा, मोटारीच्या पाटीवरील अक्षराच्या रेघेची जाडीही नियमाने १० मिलिमीटरच आहे. अक्षर कसेबसे वाचता येईल. रात्री प्रकाश कमी म्हणून कॅमेरा आपणहून उघडझाप लांबवतो. ती एक तिसांश सेकंद झाली की मोटार ३३ सेंटिमीटर सरकते आणि अक्षरे एकमेकांत मिसळून जातात. त्यात पाटी प्रकाश परावर्तित करणारी, आणि मागून येणाऱ्या वाहनाचा दिवा थेट भिंगात. त्यामुळे रात्रीच्या चित्रणाचा नमुना पाहिल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये. दुकानदार दाखवतो तो नमुना बहुधा भर दुपारचा असतो!

मोटारीत नसलेला एक शत्रू मोटारसायकलवर असतो, तो म्हणजे कंपन. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० कंपने होतात. कॅमेऱ्याचा संवेदक सगळे चित्र एकदम वाचत नाही, वरून खाली ओळी-ओळीने वाचतो. या वाचनाला एक पन्नासांश सेकंद लागला तर तेवढ्यात दोन कंपने होऊन जातात आणि सरळ विजेचा खांब नागमोडी दिसतो. भिंग हँडलवर बसवण्याऐवजी चौकटीच्या भक्कम भागाला, रबरी चकती घालून बसवले तर हा दोष कमी होतो. महागडा मोबाइल हँडलला लावून काम भागवावे असे कुणाला वाटेल. २०२१ मध्ये अ‍ॅपल कंपनीनेच सूचना दिली की मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी फोनमधील भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. दुचाकीला स्थिर नाभीचे, हलते भाग नसलेले साधे भिंगच बरे.

खानदेशचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या गाडीची सीट व टाकी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. लिथियम-आयन घट साधारणतः ४५ अंशांच्या वर भारित करू नये असे मानतात. म्हणून आत असा घट नसलेला, त्याऐवजी मोठा धारित्र वापरणारा कॅमेरा निवडावा. धूळ आणि पावसासाठी ‘आयपी ६७’ ही खूण शोधा. त्यातला ६ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. मागचे भिंग मात्र चाकाच्या चिखलापासून दूर, पाटीच्या वरच बसवावे. काळ्या मातीचा एक शिंतोडा सगळ्या हिशेबावर पाणी फिरवतो.

वीज गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीतून घ्यायची, पण चावीच्या मागून. चावी बंद झाली की कॅमेरा बंद झाला पाहिजे. कॅमेरा ३ वॅट खात असेल तर प्रवाह पाव अँपिअर. ४ अँपिअर-तासांची बॅटरी १६ तासांत पूर्ण, म्हणजे एका रात्रीत निम्मी रिकामी होते, आणि सकाळी किक मारत बसावे लागते.

साठवणीचे गणित असेच सोपे. दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला ४ मेगाबाइट लिहीत असतील तर ६४ गिगाबाइटच्या कार्डात १६,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेचार तास मावतात. कार्ड भरले की जुने पुसून नवे लिहिले जाते. धक्का बसला की तेवढा भाग न पुसता राखून ठेवण्याची सोय असते, पण आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा हा ‘अपघात’ ठरतो आणि राखीव तुकड्यांनी कार्ड भरून जाते! धक्क्याची संवेदनक्षमता कमीवर ठेवावी. घड्याळ बरोबर लावावे. आणि खरोखर अपघात झालाच तर कार्ड लगेच काढून घ्यावे.

अशा चित्रणाला न्यायालयात किंमत कधी येते, याचा एक दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ उपकरण हजर केले नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची तरतूद आहे, आणि त्याच्या नमुन्यात फाइलची ‘हॅश’ संख्या लिहावी लागते. ही संख्या फाइलमधील सर्व माहितीवरून गणिताने काढतात; एक बिट बदलला तरी ती बदलते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली नक्कल दाबून लहान केलेली असते, म्हणून तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.

शिक्षकांनी हा प्रयोग मैदानावर करून घेण्याजोगा आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याची ५० × १२ सेंटिमीटरची पाटी कापा आणि तिच्यावर ६५ मिलिमीटर उंचीचे, १० मिलिमीटर जाड रेघेचे दहा अक्षर-अंक काढा. ५, १०, १५ व २० मीटरवर खुणा करा. प्रत्येक खुणेवरून मोबाइलने व्हिडिओ घ्या. आधी पाटी स्थिर धरून, मग एका मुलाला ती घेऊन आडवे पळायला सांगून. हेच संध्याकाळी दिवेलागणीला पुन्हा करा. व्हिडिओ थांबवून, ज्याने पाटी पाहिलेली नाही अशा मुलाकडून क्रमांक वाचून घ्या आणि कोणत्या अंतरावर किती अक्षरे बरोबर आली त्याचा आलेख काढा.