दोन डोळे, एक चित्र

गेल्या रविवारी बालवर्गात आम्ही एक खेळ घेतला. एक डोळा झाकायचा, हात लांब धरायचे आणि पेनाला टोपण लावायचं. निम्मी मुलं चुकली! (मोठ्यांनी सुईत दोरा ओवून बघावा.)

आपल्या दोन डोळ्यांत साधारण 6 सें.मी. अंतर असतं, त्यामुळे प्रत्येकाला थोडं निराळं चित्र दिसतं. मेंदू ती दोन्ही जुळवतो, त्यातून अंतर नीट कळतं. पण त्यासाठी दोन्ही डोळे एकाच जागी लागायला हवेत. प्रत्येक डोळा 6 स्नायूंनी फिरतो. उजवीकडे बघताना उजव्या डोळ्याचा कानाकडचा आणि डाव्याचा नाकाकडचा स्नायू एकदमच ओढतो.

लहान मुलाचा एक डोळा तिरळा असला की चित्रं जुळत नाहीत. मग मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेणंच सोडतो. डोळा वरून चांगला, पण नजर मंद होत जाते. आपल्याकडे म्हणतात, ‘थोडं तिरळं लकी असतं, मोठेपणी जाईल.’ आम्हीही म्हटलंय, खोटं कशाला बोला! पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. त्यानंतरही दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, कधी ऑपरेशन. वयाच्या 7-8 वर्षांच्या आत सुरू केलं तर गुण चांगला येतो.

पट्टी लावली की मूल रडतं, आजीला दया येते आणि ती हळूच काढून टाकते. आजींनो, तेवढं करू नका.