विऑनियेच्या बागेत जाताना

बाबू, बाभूळगावहून दिंडोरीला द्राक्षबागेत निघालास आणि वाट्याला विऑनिये या वाइनच्या द्राक्षाचा प्लॉट आला. मी तिकडे आठ हंगाम काढलेत. तुझा हात कपाशीचा, आणि ऐकतोस कमी, म्हणून लिहून देतो.

1. आधी या वेलीची कदर कर. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठचं हे पांढरं द्राक्ष 1960च्या दशकात जेमतेम 14 हेक्टरवर उरलं होतं — घड कमी, लाड फार, म्हणून लोकांनी सोडलं.

2. खाण्याच्या द्राक्षाच्या सवयी बांधावर ठेव. जीएत (जिबरेलिक ॲसिडमध्ये) घड बुडवणं नको, गर्डलिंग (खोडाची साल गोल कापणं) नको — वास सालीजवळ असतो, मणी फुगवला की पाणीच वाढतं.

3. घडाजवळची पानं काढायची तर उगवतीकडचीच काढ — मावळतीचं ऊन मणी भाजतं. कापूस उन्हात हसतो, द्राक्ष उन्हात रुसतं.

4. भुरीवर गंधक मार, पण तोडणीच्या बऱ्याच आधी थांब — मण्यावर उरलेलं गंधक टाकीत सडक्या अंड्यासारखं घाणतं. पहिल्या हंगामात माझी एक फवारणी उशिरा झाली. ती टाकी उघडली तेव्हाचा वास अजून नाकात आहे.

5. साखर एका घडावरून ठरवू नकोस. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे नि शेंड्याचे मिळून शंभरेक मणी पिशवीत चुरड, मग थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाक — एकटा मणी खोटं बोलतो. आकडा बघितलास तरी मणी चावून बघच. आधी नुसता गोडसर लागेल. मग एका सकाळी साल सोनेरी दिसेल आणि जिभेमागे जर्दाळूचा वास येईल. त्या दिवसापासून बाग सोडू नकोस, लग्न असलं तरी — वास चढतो तशी आंबटी झपाट्यानं उतरते, आणि उशिराची वाइन जड, तेलकट होते.

6. तोड उजाडायच्या आत, कपाळाला बॅटरी बांधून. क्रेट काठोकाठ भरू नकोस — खालचा घड दबला की रस सुटतो नि उन्हात तिथेच आंबू लागतो. कपाशीच्या पहिल्या वेचणीला आपण सीतादहीची पूजा करतो ना, तशाच मनानं पहिला घड तोड.

7. सुला वाइनरीच्या दिंडोरी रिझर्व्ह मालिकेत विऑनिये मिळते, एक बाटली माझ्यासाठी आण. जपून ठेवू नकोस — ही ताजीच चांगली, दोन-तीन वर्षांत वास उडतो. मे महिन्यात मात्र आणूच नकोस, आपल्या उन्हात ती रस्त्यातच उकडेल.

8. बाटली घेऊन रेल्वेत झोपू नकोस, धामणगावलाच उतर — पुढचं पुलगाव वर्धा जिल्ह्यात, आणि तिथे दारूबंदी आहे.